समाजवाद हवा, हुकूमशहा नको : प्रत्यक्ष लोकशाहीचा लगाम कुठे लागतो, कुठे सुटतो

दर वर्षी एप्रिलच्या आधी आम्ही तरुणांची अभ्यास शिबिरे घेतो. बाबासाहेबांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' वाचायला घेतले की एक प्रश्न हमखास येतो. दोन वर्षांपूर्वी बी.ए.च्या एका विद्यार्थ्याने तो अगदी सरळ विचारला. "जमीन सरकारची, मोठे कारखाने सरकारचे, विमा सरकारचा. मग सरकार कोणाचे?" सगळे हसले. पण त्याला उत्तर द्यायला आम्हाला उरलेली दुपार लागली आणि तरी उत्तर पूर्ण झाले नाही. हा लेख त्या दुपारचा पुढचा भाग समजावा.

आधी शब्द स्पष्ट करू. आपण पाच वर्षांनी मत देतो आणि आपल्या वतीने दुसरा कोणी निर्णय घेतो, ही प्रातिनिधिक लोकशाही. प्रत्यक्ष लोकशाहीत काही निर्णय लोक स्वतःच घेतात. ते सभेत बसून घेता येतात किंवा सार्वमताने घेता येतात. ठराविक संख्येच्या सह्या गोळा करून एखादा प्रश्न मतदानाला आणता येतो, निवडून दिलेल्या माणसाला मुदतीआधी परत बोलावता येते. प्रतिनिधीला 'हे सांगून ये' असे बांधून पाठवणे, त्याचा पगार सामान्य कामगाराच्या जवळपास ठेवणे, हेही त्यातच येते. समाजवादी चळवळीला या गोष्टी नव्या नाहीत. १८७१ साली पॅरिसच्या कामगारांनी ७२ दिवस शहर चालवले, तेव्हा अधिकाऱ्यांच्या पगाराला वर्षाला ६,००० फ्रँकची कमाल मर्यादा घातली आणि प्रतिनिधी कधीही परत बोलावता येतील हे तत्त्व मानले. मार्क्सला त्या कम्यूनमध्ये सर्वांत जास्त भावले ते हेच. प्रश्न असा आहे की त्याचेच नाव घेऊन उभ्या राहिलेल्या राज्यांत हा लगाम सुटला कसा.

रशियात काय झाले

१९१७ च्या रशियात 'सोव्हिएत' या शब्दाचा अर्थ होता परिषद. कारखान्यातले कामगार, पलटणीतले सैनिक, गावातले शेतकरी आपले प्रतिनिधी निवडून परिषदेवर पाठवत आणि पटले नाही तर बदलत. क्रांतीनंतर काही दिवसांतच कारखान्यांवर कामगारांच्या देखरेखीचा हुकूमनामा निघाला. सुरुवात प्रत्यक्ष लोकशाहीनेच झाली होती, हे विसरता कामा नये. 'समाजवाद म्हणजे मुळातच हुकूमशाही' असे छातीठोकपणे सांगणारे हा भाग गाळतात.

पण त्याच वर्षाअखेर संविधान सभेच्या निवडणुका झाल्या. त्यात बोल्शेविकांना सुमारे एक चतुर्थांश मते मिळाली, बहुमत मिळाले नाही. जानेवारी १९१८ मध्ये ती सभा एकदाच भरली आणि विसर्जित करण्यात आली. सोव्हिएत ही त्याहून वरच्या दर्जाची लोकशाही आहे, असा युक्तिवाद झाला. तो खरा मानला तरी सोव्हिएतांचे पुढे काय झाले ते पाहावे लागते. विरोधी समाजवादी पक्ष एकामागून एक बाहेर काढले गेले. वर्षभरातच कारखान्यात एकाच व्यवस्थापकाचा शब्द चालावा, हे धोरण आले. यादवी युद्ध होते, उपासमार होती, बाहेरचे सैन्य घुसले होते, ही कारणे खोटी नाहीत. रोझा लक्झेंबर्गसारखी क्रांतीची पक्की समर्थक जर्मनीतल्या तुरुंगातून हे पाहत होती. तिने १९१८ मध्येच लिहून ठेवले की सभा, वृत्तपत्रे आणि मतभेद बंद केले तर सोव्हिएतांतलाही जीव जाईल आणि शेवटी मूठभर पुढारी राज्य करतील.

मार्च १९२१ मध्ये क्रोनस्टाट या नाविक तळावर तेच घडले. हे खलाशी क्रांतीचे शत्रू नव्हते, १९१७ मध्ये तेच आघाडीवर होते. त्यांनी पंधरा मागण्यांचा ठराव केला. पहिली मागणी काय होती? सोव्हिएतांच्या नव्या निवडणुका गुप्त मतदानाने घ्या, आणि त्याआधी प्रचाराचे स्वातंत्र्य द्या. भांडवलदार परत आणा असे त्यात कुठेही नव्हते. लाल सैन्याने गोठलेल्या समुद्रावरून चाल करून १८ मार्चपर्यंत तो तळ मोडून काढला. त्याच आठवड्यांत पक्षाची दहावी परिषद भरली होती. तिने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. म्हणजे आधी बाहेरचा विरोध संपला, मग सोव्हिएतांतला, मग पक्षातला. वर्षभराने, एप्रिल १९२२ मध्ये, स्टॅलिन सरचिटणीस झाला. तोपर्यंत त्याला अडवू शकतील अशी सगळी दारे दुसऱ्यांनीच बंद करून ठेवली होती. दोष एकट्या स्टॅलिनवर टाकणाऱ्यांनी ही तारीखवार उतरंड नीट पाहावी.

शिबिरात आम्ही एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९३६ च्या सोव्हिएत संविधानात गुप्त मतदान होते, सार्वत्रिक मताधिकार होता, आणि प्रतिनिधीला परत बोलावण्याचा हक्कही होता. कलम १४२ काढून पाहा. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३७ मध्ये निवडणूक झाली. प्रत्येक मतदारसंघात उमेदवार एकच! परत बोलावून त्याच्या जागी आणणार कोणाला? १९३४ च्या पक्ष परिषदेला आलेल्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना पुढच्या काही वर्षांत अटक झाली. हा आकडा १९५६ मध्ये खुद्द ख्रुश्चेव्ह यांनी पक्षापुढे ठेवला.

बहिष्कार कळलेल्या माणसाला हे कळते

मालकी सरकारकडे गेली की हुकूमशाहीला वाव का मिळतो, हे समजायला आपल्या माणसांना जाडजूड ग्रंथ लागत नाहीत. गावात जमीन त्यांची, विहीर त्यांची, किराणा दुकान त्यांचे, पिठाची गिरणी त्यांची. आपल्या वस्तीने मेलेली ढोरे ओढायला नकार दिला किंवा मिरवणूक काढली की दुसऱ्या दिवशी काम बंद, दळण बंद, वाट बंद. पोलिसांना लाठी उगारावीसुद्धा लागत नाही. बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्काराला हिंसेपेक्षा भयंकर हत्यार मानले, आणि 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तो गुन्हा ठरवण्याची तरतूद सुचवली. महाराष्ट्राने बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली.

आता अशी कल्पना करा की अख्ख्या देशात मालक एकच आहे. नोकरी त्याची, घर त्याचे, रेशन त्याचे, छापखाना त्याचा. तो मालक आपला असला, लाल किंवा निळ्या झेंड्याचा असला, तरी त्याच्याविरुद्ध बोललेल्या माणसाने जायचे कुठे? खासगी मालकी संपवल्याने पाटलाचा बहिष्कार संपेल, पण एकट्या सरकारी मालकाचा बहिष्कार सुरू होऊ शकतो. भांडवलशाही बरी, असा याचा अर्थ नाही. आज चार उद्योगसमूह देश विकत घेत असताना तसे म्हणणे म्हणजे डोळे मिटून घेणे. मुद्दा एवढाच की मालकी जितकी एकवटेल तितका खालून ओढायचा लगाम जास्त मजबूत हवा.

लगाम होता, तरीही

मग लोकांच्या परिषदा पुष्कळ केल्या की झाले, असे कोणी म्हणेल. युगोस्लाव्हियाने ते करून पाहिले. स्टॅलिनशी बिनसल्यावर टिटो सरकारने जून १९५० मध्ये कारखाने कामगार परिषदांच्या हाती देणारा कायदा केला. या परिषदा दिखाऊ नव्हत्या. वेतन, घरे, उत्पादन यांवर कामगार खरेच भांडत, मते देत. पण कारखान्याच्या फाटकाबाहेर पक्ष एकच होता. टिटोचे जवळचे सहकारी मिलोव्हान जिलास यांनी पक्षाचे अधिकारीच नवा मालकवर्ग होत चालले आहेत असे लिहायला सुरुवात केली, तेव्हा १९५४ मध्ये त्यांना केंद्रीय समितीतून काढले आणि नंतर तुरुंगात टाकले. १९७४ च्या संविधानाने प्रतिनिधींची फार बारीक व्यवस्था उभी केली, आणि त्याच संविधानाखाली टिटो तहहयात अध्यक्ष झाले. खाली रोज मतदान आणि वर कधीच नाही, असा तो प्रकार होता.

व्हेनेझुएलाचे उदाहरण अधिक ताजे आहे, आणि डाव्या मित्रांना अधिक टोचते. १९९९ च्या त्यांच्या संविधानात राष्ट्राध्यक्षालाही अर्ध्या मुदतीनंतर परत बोलावता येते. त्यासाठी वीस टक्के मतदारांच्या सह्या लागतात. २००४ मध्ये ह्यूगो चावेझ यांच्याविरुद्ध असे सार्वमत झाले आणि ते सुमारे ५९ टक्के मतांनी टिकले. एवढे पाहून कोणीही टाळ्या वाजवील. पण सह्या करणाऱ्यांची यादी एका सत्ताधारी खासदाराने संकेतस्थळावर टाकली. त्या यादीवरून सरकारी नोकऱ्या, कंत्राटे, योजना नाकारल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. पुन्हा तोच एकटा मालक! २००६ पासून वस्तीवस्तीत सामुदायिक परिषदा निघाल्या. त्यांनी पाणी, रस्ते, घरे अशी चांगली कामेही केली, पण पैसा थेट वरून, राष्ट्राध्यक्षांच्या यंत्रणेकडून येत होता. २००७ मध्ये लोकांनी सार्वमतात घटनादुरुस्ती थोड्या फरकाने फेटाळली. २००९ मध्ये पुन्हा सार्वमत घेऊन अध्यक्षाच्या फेरनिवडीवरची मर्यादा काढली गेली. आणि २०१६ मध्ये विरोधकांनी मादुरो यांना परत बोलावण्याची प्रक्रिया सुरू केली, तेव्हा निवडणूक मंडळाने ती मध्येच थांबवली.

सार्वमत कधी घ्यायचे हे सत्ताधारी ठरवत असेल तर ते लोकांचे हत्यार राहत नाही. आमच्या मते या दोन देशांकडून घ्यायचा धडा असा : विरोधी पक्ष, स्वतंत्र निवडणूक यंत्रणा, न्यायालय आणि गुप्त मत या चार गोष्टी मोडून प्रत्यक्ष लोकशाही आणता येत नाही. या चार गोष्टी असल्या तरच ती त्यांच्यावर उभी राहते. आपल्याकडे केरळमध्ये १९५७ पासून कम्युनिस्टांची सरकारे आली आणि पडली, हरली आणि परत आली. १९९६ मध्ये तिथल्या डाव्या सरकारने लोकनियोजन मोहीम सुरू केली. राज्याच्या नियोजनातला ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांकडे दिला आणि प्रभागापर्यंत ग्रामसभा नेल्या. २००१ मध्ये ते सरकार हरले आणि पायउतार झाले. त्यात कोणाला आश्चर्यही वाटले नाही, आणि हीच त्यातली मोठी गोष्ट आहे.

बाबासाहेबांचा मार्ग

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी हे निवेदन तयार केले. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा पूर्णपणे राज्याचा, शेती हा राज्याचा उद्योग. जमिनीचे ठराविक आकाराचे भाग करून ते गावातल्या लोकांच्या गटांना कसायला द्यायचे, जात-धर्म न पाहता, म्हणजे गावात जमीनदारही उरणार नाही आणि भूमिहीन मजूरही. संविधान लागू झाल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षांत हे अमलात यावे असेही त्यात आहे.

या योजनेतली मख्खी आपल्या भाषणांत बहुतेक सुटते. हा समाजवाद त्यांना हुकूमशहाच्या हाताने नको होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या संसदीय बहुमताच्या मर्जीवरही सोडायचा नव्हता. तो संविधानातच लिहून ठेवायचा आणि संसदीय लोकशाही जशीच्या तशी चालू ठेवायची. आर्थिक रचना संविधानाच्या कुलपात, सरकार मात्र दर निवडणुकीत बदलता येणारे. ही कल्पना संविधानात उतरली नाही. पण त्या गटशेतीचा रोजचा कारभार कोणी पाहायचा, सरकारी अधिकाऱ्याला जाब कोणी विचारायचा, याचा तपशील त्या मसुद्यात फारसा नाही. आमच्या शिबिरातल्या मुलाचा प्रश्न नेमका तिथे बसतो, आणि प्रत्यक्ष लोकशाहीची जागाही तिथेच आहे. कसणाऱ्यांची सभा, तिच्यापुढे हिशोब, नको असलेल्या पदाधिकाऱ्याला परत बोलावण्याचा अधिकार.

नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. कामगारांची हुकूमशाही किती काळ चालणार, आणि ती उठली की पुढे काय, याचे समाधानकारक उत्तर कम्युनिस्टांकडे नाही, हा त्यांचा आक्षेप होता. त्या विषयावरील आपल्या लिखाणात त्यांनी भिक्खू संघाचे उदाहरण दिले आहे. भिक्खूची खासगी मालमत्ता म्हणजे चीवर, पात्र, वस्तरा, सुई, पाणी गाळायचे फडके अशा आठ वस्तू. बाकी सगळे संघाचे. म्हणजे खासगी मालकी जवळपास शून्य. आणि हे हुकूमशहाशिवाय! बुद्धांना उत्तराधिकारी नेमण्याची विनंती झाली तेव्हा त्यांनी नकार दिला. परिनिर्वाणानंतर मगधाचा मंत्री वस्सकार आनंदाला विचारतो, तुमच्यात आता सर्वांनी ज्याला शरण जावे असा नेमलेला कोणी आहे का? आनंद सांगतो, असा कोणी नाही, आम्ही धम्माला शरण आहोत. (हा वस्सकार म्हणजे तोच, जो आधी वज्जींना कसे जिंकावे याची चाचपणी करायला बुद्धांकडे आला होता. अशा माणसाला वारस कोण हा प्रश्न पडणारच.)

नेता नाही म्हणजे गोंधळ, असे मात्र तिथे नव्हते. विनयातली कार्यपद्धती आजच्या बहुतेक संघटनांच्या घटनेपेक्षा काटेकोर आहे. ठरावाची सूचना आधी मांडायची, तिला ञत्ति म्हणतात. मग ठराव वाचायचा, महत्त्वाच्या कामात तीनदा वाचायचा. ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहायचे, मान्य नाही त्याने बोलायचे. किती भिक्खू हजर असले म्हणजे कोणते काम वैध, हे ठरलेले आहे, आणि चारपेक्षा कमी भिक्खूंचा संघच होत नाही. आजारी भिक्खूने आपली संमती दुसऱ्याकरवी पाठवायची. वाद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मते मोजायची. ती गुप्त, कानात सांगून किंवा उघड अशा तीन प्रकारे घेता येत. काड्या वाटणाऱ्याचीही निवड होई, आणि प्रेम, द्वेष, मोह, भय यांपैकी कशानेही तो ओढला जाऊ नये ही अट होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधान सभेला याच नियमांची आठवण करून दिली. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. एकाच भाषणात दोन्ही गोष्टी येणे योगायोग नाही, असे आम्हाला वाटते. जिथे कार्यपद्धती नाही तिथे भक्तीच कारभार करते.

अर्थात संघाचे चित्र गुळगुळीत करू नये. भिक्खुणींवर जादा नियम होते. मतमोजणीत अधम्माची बाजू जिंकत असेल तर काड्या वाटणाऱ्याने ते मतदान ग्राह्य धरू नये असाही नियम आहे, आणि त्याचा गैरवापर कसा होऊ शकतो हे सांगायला नको. वज्जींच्या ज्या गणराज्याचे आपण कौतुक करतो तिथे सभेत बसणारे क्षत्रिय कुळांचे होते, दास आणि कामकरी नव्हते.

गाव आडवे येते

इथपर्यंत आले की शिबिरातला कोणीतरी जाणकार हात वर करतो. बाबासाहेबांनी तर ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाला अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर म्हटले, आणि संविधानाने गाव सोडून व्यक्तीला एकक मानले याबद्दल आनंद व्यक्त केला. मग तुम्ही ग्रामसभेचे गोडवे कसे गाता?

आक्षेप खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. १९३२ मध्ये मुंबई कायदे मंडळात ग्रामपंचायतीचे विधेयक आले, तेव्हाही त्यांनी अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व दिल्याशिवाय गावाच्या हाती सत्ता देण्याला विरोध केला होता. प्रत्यक्ष लोकशाहीत बहुमत समोरासमोर बसते. जातीच्या समाजात ते बहुमत मतांचे असण्याआधी जन्माचे असते. हुकूमशाही नेहमी एका माणसाचीच असते असे नाही.

ज्या देशाला प्रत्यक्ष लोकशाहीचे माहेर म्हणतात त्या स्वित्झर्लंडमध्येही हेच झाले. बायकांना मत द्यावे का, हे पुरुषांनी सार्वमताने ठरवायचे होते. १९५९ मध्ये त्यांनी दोनतृतीयांश बहुमताने नाही म्हटले. हक्क मिळाला १९७१ मध्ये. आपेनझेल इनररोडेन या छोट्या प्रांतात तर मैदानात हात वर करून निर्णय घेण्याची जुनी सभा आहे. तिथल्या पुरुषांनी १९९० मध्येही प्रांतिक मताधिकार नाकारला. शेवटी त्याच वर्षी संघीय न्यायालयाने तो द्यायला लावला. मैदानातल्या सभेला जे जमले नाही ते न्यायालयाने एका निकालात केले.

म्हणून आम्ही ग्रामसभेच्या बाजूने बोलतो ते काही अटी घालून. माणसाचे मूलभूत हक्क मतदानाला टाकायचे नाहीत. पाणी, स्मशान, रस्ता, मिरवणूक यांवर बहुमत चालत नाही. जिथे एकाची चूल दुसऱ्याच्या मजुरीवर पेटते तिथे हात वर करून मतदान घ्यायचे नाही, चिठ्ठी हवी. सभा कुठे भरते हेही पाहायचे. एका गावात वर्षानुवर्षे ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात होत असे आणि आपली माणसे पायरीखाली उभी राहून 'सर्वानुमते मंजूर' ऐकत असत. दोन वर्षे अर्ज केल्यावर ती शाळेच्या पटांगणात आली. पहिल्याच सभेत वस्तीतल्या बायकांनी घरकुलाची यादी मोठ्याने वाचायला लावली, आणि यादीत दुमजली घराचे मालक निघाले.

समान पायावर सभा बसली की काय होते, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) इथे दिसते. सुमारे पाचशे वस्तीच्या या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेकडे आले. जंगल सगळ्यांचे, विक्री ग्रामसभेची, निर्णय बहुमताने नाही तर सर्वांची सहमती होईपर्यंत बोलून. लहान प्रमाणात का होईना, सामूहिक मालकी हुकूमशहाशिवाय चालते. पण तिथे गावाच्या पोटात गावकुसाबाहेरची वस्ती नाही, हा फरक विसरून तो नमुना मराठवाड्यातल्या गावावर चिकटवता येणार नाही.

आज हातात काय आहे

२४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू आहे. तिने ग्रामसभेला संविधानात जागा दिली, आणि बाबासाहेबांनी १९३२ मध्ये मागितलेले राखीव प्रतिनिधित्वही दिले. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. म्हणून पहिली सभा मुद्दाम तहकूब होऊ द्यायची आणि दुसरीत दहा माणसांनी ठराव उरकायचे, हा खेळ गावोगावी चालतो. दुसऱ्या सभेची तारीख विचारून ठेवणे, हे फार साधे काम आहे आणि ते फार थोडे लोक करतात.

खरी दात असलेली प्रत्यक्ष लोकशाही आपल्याकडच्या बायकांनी दारूबंदीच्या मतदानात पाहिली आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिलांनी सह्या केल्या की गुप्त मतदान घ्यावे लागते. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, तर एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. ही अट जबर आहे आणि तिच्यामुळे अनेक ठिकाणी थोडक्यात हार झाली आहे. तरी सह्यांनी सुरू होणारे, गुप्त आणि अधिकाऱ्याला बांधील असे मतदान रोजगार हमीच्या कामावर का नको, रेशन दुकानावर का नको, ही मागणी घेऊन आपल्या संघटनांनी उभे राहावे असे आम्हाला वाटते. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव केला तर त्यावर ग्रामसभेचे गुप्त मतदान घ्यायची तरतूद आली आहे. ती वापरण्याआधी पैसा आणि जात कुठल्या बाजूने वाहते ते मोजून घ्यावे, कारण तिचा पहिला बळी राखीव जागेवरची महिला सरपंच ठरू शकते.

आणि आपल्या घरातले? तहहयात अध्यक्ष असलेल्या संघटना आपल्याकडे थोड्या नाहीत. सभासदांची यादी अध्यक्षांच्या खिशात, हिशोब खजिनदाराच्या डोक्यात, आणि प्रश्न विचारला की 'हा चळवळीचा गद्दार'. क्रोनस्टाटच्या खलाशांनाही हेच ऐकावे लागले होते. ज्यांना जयंतीच्या वर्गणीचा हिशोब मागता येत नाही त्यांना उद्या राज्य समाजवादाच्या कारखान्याचा हिशोब कोण देणार आहे?

आम्ही जिथे काम करतो त्या एका वस्तीत विहार समितीची निवड गेल्या वर्षी चिठ्ठ्यांनी झाली. आधीचे अध्यक्ष बावीस वर्षे होते, माणूस प्रामाणिक, आणि त्यांना हा अपमान वाटला. सूचना तीनदा वाचली. तिसऱ्या वाचनानंतर एक आजी उठून म्हणाल्या की मला वाचता येत नाही, चिठ्ठीवर चित्र काढा. मग तीन उमेदवारांसाठी पिंपळपान, दिवा आणि वही अशी चित्रे काढली. मतमोजणीला दोन्ही बाजूंची पोरे बसली. जुने अध्यक्ष सात मतांनी निवडून आले. या वेळी दोन वर्षांसाठी. आणि दर पौर्णिमेला ते स्वतः जमाखर्च फळ्यावर लिहितात.